लाल जिल्हा, कोरडा दिवस

पावसाळा आला की इकडच्या मराठी ग्रुपवरही मुंबईचा तोच वाद येऊन धडकतो: रेड अलर्ट दिला, शाळा बंद ठेवल्या आणि दिवसभर कडकडीत ऊन! मग हवामान खात्याची यथेच्छ टिंगल. ब्रिटनमधून हे वाचताना वाटतं, अंदाज चुकला म्हणण्याआधी तो दाखवला कसा, हे तरी बघा.

खात्याचा ‘सोमवार’ सकाळी 8.30 ला सुरू होतो आणि मंगळवारी 8.30 ला संपतो. मंगळवारी पहाटे 4 वाजता कोसळलेला पाऊस सोमवारच्याच इशाऱ्यात मोजला जातो. अंदाज खरा ठरला. पण सोमवारी मुलांना घरी ठेवून बसलेल्या आईबापांना हे सांगणार कोण? नकाशात ती वेळ तळटीपेत असते. वर अख्खा जिल्हा एका रंगात. पुणे, साताऱ्याचे घाट आता वेगळे दाखवतात, हे बरं झालं.

इथल्या मेट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यांच्या हद्दी पाळत नाही, आणि कधीपासून कधीपर्यंत ते रंगाला लागूनच लिहिलेलं असतं. सोबत चार बाय चारची चौकट: आडवा परिणाम, उभी शक्यता, एका घरात बरोबरची खूण. म्हणजे पिवळ्या इशाऱ्यातही ‘बहुधा होईल, पण त्रास किरकोळ’ आणि ‘शक्यता कमी, पण झालंच तर दाणादाण’ हे वेगवेगळं कळतं.

कळतं म्हणजे, बघितलं तर. माझ्या ऑफिसात ती चौकट उघडून बघणारा कुणी मला भेटलेला नाही. ॲपमध्ये तासागणिक पावसाचे टक्के असतात, त्यात शून्य कधीच नाही, ‘5 पेक्षा कमी’. प्रामाणिकपणा कबूल, पण छत्री घ्यायची की नाही?

म्हणून ‘परदेशात बघा कसं असतं’ हा सूर मला पटत नाही. ती चौकट आपत्ती व्यवस्थापनाच्या कंट्रोल रूमला हवी. पाणी उपसायचे पंप कुठे हलवायचे, हे तिथे ठरतं. लोकल पकडणाऱ्याला फक्त तास हवेत. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला तर पावसापेक्षा उघडीप महत्त्वाची. मंगळवारी-शुक्रवारी निघणाऱ्या कृषी सल्ल्यात पाच दिवसांचे आकडे असतात, पण औषध धुऊन न जाण्याइतकी सलग उघडीप कधी मिळेल, हे शेतकऱ्याला एका नजरेत दिसायला हवं. माहिती तीच, चित्रं तीन. मुंबईपुरतं बोलायचं तर आधी लाल रंगाखाली चोवीस तासांची एक आडवी पट्टी द्या आणि पावसाचे तास तिच्यावर गडद करा.