चायनीज घडीचा चाकू म्हणजे पत्रा? एकेक मुद्दा तपासू

पावसाळी ट्रेक सुरू व्हायच्या सुमाराला ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: चायनीज घडीचे चाकू घेऊ नका. स्टील मऊ, लॉक (उघडं पातं रोखून धरणारी कळ) बोटावर मिटतं, सगळी अमेरिकन चाकूंची नक्कल, आणि स्वस्त घेतलं की पैसे दोनदा जातात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण हे वाचून नवा माणूस नको तिथे नको तेवढे पैसे घालतो. म्हणून हे उत्तर.

“स्टील मऊ असतं.” कुठलं स्टील? मेसेजमध्ये एकाही स्टीलचं नाव नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. चीनमधल्या नाव असलेल्या कंपन्यांच्या स्वस्त चाकूंत वर्षानुवर्षं वापरलं जाणारं स्टील म्हणजे ८सीआर१३एमओव्ही. त्यात साधारण 0.8 टक्के कार्बन आणि 13 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. जपानच्या एयूएस-८ च्या जवळपासचंच हे स्टील. नीट पाणी दिलं, म्हणजे तापवून झटकन थंड केलं, तर त्याचा कडकपणा रॉकवेल मापावर 57-59 पर्यंत जातो. आता ज्याला कुणी मऊ म्हणत नाही, तो व्हिक्टोरिनॉक्सचा स्विस चाकू घ्या. त्याचं पातं 56 च्या आसपास ठेवलेलं असतं, तेही मुद्दाम, कारण असं पातं घरच्या दगडावर दोन मिनिटांत पाजवता येतं. म्हणजे आकडाच बघायचा तर चायनीज पातं जास्त कडक निघतं.

गेल्या काही वर्षांत स्वस्त चाकूंमध्ये डी२ आलं. हे मूळचं डाय आणि पंच, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवायचं स्टील. कार्बन दीड टक्का, धार खूप दिवस राहते. पण क्रोमियम 12 टक्के असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून बनलेल्या कडक कणांत, अडकतं, त्यामुळे ते पुरतं स्टेनलेस नाही. कैरी कापून पातं तसंच मिटवून सॅकमध्ये टाकलं तर कोकणातल्या दमट हवेत त्यावर काळपट ठिपके उठतात. हा दोष चीनचा नाही, त्या स्टीलचा स्वभाव आहे, आणि अमेरिकेत बनलेल्या डी२ च्या पात्यालाही तो आहेच. पातं पुसून तेलाचा हात फिरवा, किंवा सरळ स्वीडिश १४सी२८एन चं पातं असलेला चाकू घ्या. तेही आता चायनीज चाकूंत परवडणाऱ्या किमतीत मिळतं.

मेसेज कुठे बरोबर आहे तेही सांगतो. होकायंत्र, शिट्टी, काच फोडायचं टोक असं सगळं चिकटवलेला, पात्यावर नुसतं ‘स्टेनलेस’ कोरलेला बिननावाचा चाकू घेऊ नये. त्यात बहुधा ०.३ टक्के कार्बनचं स्टील असतं. दोन जाड दोऱ्या कापल्या की धार गेली. पण तो चीनमध्ये बनला म्हणून वाईट नाही, कुणीच त्याची जबाबदारी घेत नाही म्हणून वाईट आहे.

“लॉक बोटावर मिटतं.” या मुद्द्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका, कारण यात बोट जातं. स्वस्त चाकूंत बहुतेक लायनर लॉक असतं. आजच्या रूपातलं हे लॉक अमेरिकेच्या मायकेल वॉकर यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं. मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकते आणि पात्याला अडवते. चाकू हातात आला की उघडा आणि उजेडात आत डोकवा. पट्टी बुडाच्या कडेला जेमतेम टेकली असेल तर परत पाठवा. साधारण तिसरा भाग तरी आत सरकलेला हवा. मग पातं वर-खाली हलवून बघा, अजिबात खेळायला नको. शेवटी बोटं वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ हाताने दाबा. ही तपासणी महागड्या चाकूचीही करायची असते. आणि घडीचा चाकू कुठल्याही देशाचा असो, तो भोसकायला किंवा लाकूड फोडायला वापरू नका.

“सगळी नक्कल.” काही नक्कल आहेच. गँझो या चिनी कंपनीने अमेरिकेच्या बेंचमेड कंपनीचं अॅक्सिस लॉक (आडव्या सरकत्या दांडीचं लॉक) पेटंट संपायच्या आधीच उचललं, ते मला आजही खटकतं. दुसऱ्याचा शिक्का मारून विकलेले बनावट चाकू तर घ्यायचेच नाहीत. पण ग्वांगडाँग प्रांतातल्या यांगजिआंग शहरात चाकू-कात्र्यांचा धंदा फार जुना आहे, आणि तिथल्याच कायझर आणि वी या कंपन्या स्वतःच्या डिझाइनचे चाकू करतात. वी चे काही चाकू 200 डॉलरच्या वर विकले जातात. उलट अमेरिकेच्या स्पायडर्को कंपनीचा टेनेशियस हा चाकू चीनमध्येच बनतो आणि पात्यावर तसं कोरलेलंही असतं. नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या खिशात तोच असतो.

“पैसे दोनदा जातात.” वी चाच स्वस्त ब्रँड असलेल्या सिविवीचा एलिमेंटम अमेरिकेत 50 डॉलरच्या आसपास आला, डी२ चं पातं आणि बेअरिंगवर फिरणारा सांधा घेऊन. स्क्रू, मुठीच्या पट्ट्या, पाणी देण्याच्या भट्ट्या एकाच शहरात असल्या की किंमत उतरतेच. चौपट पैसे दिले म्हणून टोमॅटो चौपट चांगला कापला जात नाही. कापण्याचं काम धारेमागचं पातं किती पातळ आहे यावर ठरतं, आणि कित्येक महाग चाकू तिथे जाडच असतात. खरा फरक कारखान्यातून येणाऱ्या धारेत पडतो: स्वस्तात ती कधी वाकडी, कधी एका बाजूला जास्त घासलेली असते. ती एकदा दगडावर नीट करून घ्यावी लागते. विकणाऱ्याला स्टीलचं नाव विचारा. नाव सांगता आलं नाही तर तिथे पैसे देऊ नका.