आठ लिटरची वाटणी

बेळगावच्या शहापुरातली सकाळ, नळाला पाणी यायचा दिवस नव्हता, म्हणजे तशी निवांत. त्यात खानापूरकडचा गवळी म्हशीचं ८ लिटर दूध घालून गेला. आम्ही नि शेजारच्या अज्जींनी कुंद्यासाठी मिळून मागवलेलं, निम्मं निम्मं. माप गवळ्याबरोबर गेलं. घरात उरला तो दुधानं भरलेला कॅन, एक ५ लिटरची किटली आणि एक ३ लिटरची.

“अहो, अंदाजानं ओता की,” बायको म्हणाली.

अंदाजानं? बेळगावात? इथं वाटणी म्हटलं की आवाज चढतो. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावलाय, तो अजून तिथंच. मी मराठी, अज्जी कन्नड. पेलाभर दूध इकडचं तिकडं झालं असतं तर?

शिवाय हे कोडं मला येत होतं. बाशे नावाच्या फ्रेंच गणितीनं १६१२ साली हेच आठ-पाच-तीन छापलंय. फक्त त्याच्याकडं दूध नव्हतं, दारू होती. दारूला साय धरत नाही, सुखी माणूस.

कॅनमधून मोठी किटली भरली. मोठीतून छोटी. छोटी परत कॅनमध्ये. मोठीत उरलेलं २ लिटर छोटीत. इथवर अज्जी दारात पदर तोंडाला लावून उभ्या. मग मोठी पुन्हा काठोकाठ. काठोकाठ हा शब्द कागदावर फार सोपा असतो. फरशीवर त्याचा ओघळ मांजरापर्यंत गेला. आता छोटीत जागा एकाच लिटरची. ती भरताना फोन वाजला, वाजू दिला. एवढं झालं की मोठीत बरोब्बर ४ लिटर. शेवटी छोटी कॅनमध्ये, तिथंही ४. सात ओतण्या! साय किटल्यांना आणि सदऱ्याला लागली ती सोडून.

मी घाम पुसत अज्जींपुढं मोठी किटली धरली. “घ्या. थेंबाचा फरक नाही.”

“साकु रे बाळा, पुरे,” अज्जी म्हणाल्या. “पण वाटलास कशाला? माझ्या मोठ्या कढईतच आटवायचंय न्हवं सगळं? वाटायचा तो कुंदा.”

बायको आत निघून गेली. तिचे खांदे हलत होते.

मी किटली उचलली आणि सगळं दूध परत कॅनमध्ये ओतलं. ही आठवी ओतणी बाशेनं दिलेली नाही.