बुफर दिसतो, जोड कुठे दिसतो?

गाडीत साउंड बसवायचा ठरवलाच आहे, तर पैसा सगळा बुफरवर (म्हणजे वूफर, बेस घुमवणारा मोठा स्पीकर) घाला. उरला तर अ‍ॅम्प्लिफायरला. वायर कार्पेटखाली जाते, तिला कोण बघतंय? साताऱ्यात पोवई नाक्यावर गाडी उभी राहिली की लोक बेस ऐकतात, जोड नाही.

जोडायची रीतही सोपी. वायर दातांनी सोला. तांब्याच्या चार तारा सोबत तुटल्या तर तुटू द्या, बाकीच्या आहेतच की. टोकं बोटांनी पिळा, वर काळी टेप गुंडाळा. जोड दाबून आवळणारा क्रिंपिंगचा पाना, वायरीच्या टोकाला बसणारा लग, तापवली की आवळून बसणारी हीट श्रिंक नळी, ही सगळी श्रीमंतांची थेरं. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत टेपचा गोंद पातळ होतो, टेप उलगडून लोंबू लागते, हात लावला की बोटं काळी चिकट. मग यवतेश्वरच्या घाटात ऐन वळणावर गाणं गप्प. डॅशबोर्डवर डावीकडे एक थाप मारा, होतं सुरू. नेमकी कुठे मारायची ते फक्त मालकाला ठाऊक. चोराच्या हाताला ते गाणार नाही. अशी सिक्युरिटी फुकटात कोण देतं?

अ‍ॅम्प्लिफायरचे ६०० वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे वायरीतून ५० अँपिअर करंट, हे गणित दहावीतच सुटलं (किंवा सुटलं नाही), आता परत कशाला? घरातल्या पंख्याची उरलेली वायर ओढा. बारीक वायर आणि सैल जोड तापतात, हे खरं. पण थंडीत कासला जाताना तेवढीच ऊब.

अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर सीटच्या बोल्टखाली दाबा, तिला उघडा पत्रा लागतो म्हणून रंग मुळीच खरवडू नका, शोरूमचा आहे तो. रेस वाढवली की स्पीकरमधून शिट्टी चढत जाईल. पाहुण्यांना सांगा, टर्बो बसवलाय.

स्टिरिओची पिवळी वायर कायम बॅटरीवर, लाल किल्लीवर, असा नियम आहे. तुम्ही दोन्ही एकत्र पिळून बॅटरीवर टाका. सकाळी बॅटरी बसलेली असते, धक्का मारायला आळीतली पोरं येतात, ओळखी वाढतात.

राहिला फ्यूज. जाणकार म्हणतात, बॅटरीपासून फार तर ४५ सेंटिमीटरवर हवा, कारण तो वाचवतो ती पुढची वायर. तुम्ही डिकीत लावा, निदान दिसतो तरी. बॉनेटमधून वायर आत घेताना पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी कडी) लावू नका. पत्र्याची धार आणि इंजिनाची थरथर मिळून इन्सुलेशन सावकाश सोलतात, तुमचे दात वाचतात.

धूर निघाला तर ही रीत शिकवणाऱ्या मिस्त्रीला फोन लावा. तो सांगेल, "दादा, गाडीतच काहीतरी लोचा असणार. आपला जोड म्हणजे दगड!" बुफर वाचला असेल तर काढून ठेवा, पुढच्या गाडीला होईल.