प्रश्न केवळ प्रेक्षकांच्या आवडीचा नाही

‘प्रेक्षकांना हवे तेच वाहिन्या दाखवतात’ हे वृत्तवाहिन्यांवरील लेखातील विधान पटले नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात ताज आणि नरिमन हाऊसबाहेर ठाण मांडलेल्या कॅमेऱ्यांनी सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवल्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार त्या पाहून दहशतवाद्यांना फोनवरून सूचना देत राहिले; कसाब खटल्याच्या २०१२मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल वाहिन्यांना कठोर शब्दांत सुनावले होते. आम्हीही तेव्हा टीव्हीसमोर खिळून होतो, हे खरे. पण कमांडो गच्चीवर उतरतानाच दाखवा, अशी मागणी कोणी केली नव्हती.

अशा दहशतवादविरोधी कारवायांच्या थेट प्रक्षेपणाला मनाई करणारा नियम २०१५मध्ये, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळाने आला. त्याचा लेखात उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.