सायकी हा सोन्याचा गोळा नव्हे

"नासाला सोन्याचा लघुग्रह सापडला असून ते सोने आणायला यान निघाले आहे, ते परतले की जगातला प्रत्येक माणूस अब्जाधीश होईल," असा मजकूर गोव्यातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. हा लघुग्रह म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातला 16 सायकी होय.

तो नासाला सापडलेला नाही. इटलीचे आनिबाले दे गास्पारिस यांनी नेपल्सहून 17 मार्च 1852 रोजी त्याचा शोध लावला. नासाची स्थापना 1958 सालची.

सोन्याचा दावा मात्र नीट तपासायला हवा. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात वाढलेल्या कोणीही चिऱ्याचा तुकडा एका हातात आणि तेवढाच लोहखनिजाचा डिखळा दुसऱ्या हातात धरला, की दोन्ही न फोडताच फरक मनगटाला कळतो. शास्त्रज्ञांनी सायकीच्या बाबतीत हेच दुरून केले. इतर लघुग्रहांवर पडणाऱ्या त्याच्या ओढीवरून वस्तुमान आणि सुमारे 220 किलोमीटरच्या सरासरी व्यासावरून घनफळ काढले, तेव्हा घनता घन सेंटीमीटरला 4 ग्रॅमच्या आसपास आली. लोखंडाची घनता 7.9 आणि सोन्याची 19.3 आहे. म्हणजे सोने तर दूरच, सायकी सलग लोखंडाचाही नाही. त्यात खडक मिसळलेला असावा किंवा आत पोकळ्या असाव्यात. रडारच्या परावर्तनावरून धातू भरपूर असल्याचे दिसते, पण सोने तिथे कोणीही नोंदवलेले नाही, आणि पृथ्वीवर पडलेल्या लोह-उल्कांतही ते दहा लाख भागांत एखाद-दुसरा भाग एवढेच असते.

अब्जाधीश होण्याच्या हिशेबामागची, सायकीची एकावर एकोणीस शून्ये डॉलर ही किंमत नासाच्या सायकी मोहिमेच्या प्रमुख लिंडी एल्किन्स-टँटन यांनी 2017 मध्ये, तीही केवळ लोखंड धरून, कल्पना म्हणून सांगितली होती. ट्रकने जेटीवर, बार्जने मुरगावला आणि तिथून गिऱ्हाइकाच्या जहाजात गेल्याशिवाय खनिजाचे पैसे होत नाहीत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि एवढे लोखंड बाजारात आलेच, तर आजचा भाव टिकेल कसा?

13 ऑक्टोबर 2023 रोजी निघालेल्या यानावर कॅमेरे, गॅमा किरण व न्यूट्रॉन मोजणारे उपकरण आणि चुंबकत्वमापक आहे. खोदण्याचे साधन नाही, परतीचा प्रवासही नाही. ते 2029 मध्ये सायकीभोवती फिरू लागेल. पृथ्वीचा धातूचा गाभा आपल्या पायांखाली सुमारे 2,900 किलोमीटरवर सुरू होतो आणि तिथे कोणी पोहोचू शकत नाही, म्हणून हा शोध मला सोन्याहून मोलाचा वाटतो: सायकीवर जुन्या चुंबकत्वाची खूण मिळाली, तर तो एखाद्या फुटलेल्या बालग्रहाचा एकेकाळी वितळलेला गाभा असावा, याला मोठा आधार मिळेल.