अण्णाचा केसपेपर

माझ्या भावाला, अण्णाला विचारूनच लिहितेय, तो म्हणाला लिही की, त्यात काय.

परवा जेवताना भाचा म्हणाला, मावशी, नेदरलँड्समध्ये मानसिक आजार असला तरी इच्छामरण मिळतं, आपल्याकडंच का नाही. मी तेव्हा गप्प बसले पण दोन दिवस डोक्यातून जाईना.

आपल्याकडं काहीच नाही असं नाही. हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं बेशुद्धीत पडून राहिलेल्या नर्स अरुणा शानबागच्या केसमध्ये २०११ ला सुप्रीम कोर्टानं पहिल्यांदा दार किलकिलं केलं, २०१८ ला घटनापीठानं लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं, ते मान्य केलं, २०२३ ला ते सोपं केलं, आता नोटरीसमोर सुद्धा करता येतं. म्हणजे बरं व्हायची आशाच नसेल तर नळ्या, व्हेंटिलेटर काढता येतात, ते पण डॉक्टरांच्या दोन बोर्डांनी बघून. डॉक्टरनं इंजेक्शन देऊन मरण द्यायचं, ते मात्र आपल्याकडं चालत नाही. बाबांचे शेवटचे अकरा दिवस आयसीयूत बघितलेत मी, त्यामुळं माझं लिव्हिंग विल मी करणारच आहे.

पण डिप्रेशनचं तसं नाही ओ.

अण्णाचा टॉवेलचा कारखाना बंद पडला, त्यानंतर आठ महिने तो एकच वाक्य बोलायचा, मला आता सोडा. रडत नाही, ओरडत नाही, एकदम शांत, हिशोब सांगितल्यासारखा. कुठल्याही फॉर्मवर त्यानं सही केली असती आणि समोरच्याला वाटलं असतं हा माणूस पूर्ण विचार करून बोलतोय. विचार त्याचाच होता, पण तो आजारानं घातलेला होता, हे घरच्यांना सुद्धा कळत नव्हतं, वहिनी तर म्हणायची ह्यांचं बरोबरच आहे, मी काय सांगू.

त्याच्या डॉक्टरनं कधी भाषण दिलं नाही. केसपेपरवर पुढची तारीख लिहायचे, तिच्याखाली दोन रेघा मारायचे, म्हणायचे "शुक्रवारी या, तोपर्यंत तुमचं ते 'मला सोडा' आपण बाजूला ठेवू." पहिलं औषध लागू पडलं नाही, बदललं, ते लागू व्हायलाही आठवडे गेले. कागदाला कागद टाचून केसपेपर जाडजूड झाला होता.

आता हाच डॉक्टर कायद्यानं मरणाला हो म्हणणाऱ्या खुर्चीत बसला असता तर? नेदरलँड्सच्या २००२ च्या कायद्यात त्रास असह्य पाहिजे, दुसरा उपाय उरलेला नसावा, दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत पाहिजे, सगळं आहे. पण दुसरा उपाय नाही हे कॅन्सरच्या रिपोर्टवर दिसतं, मनाच्या आजारात कुठल्या रिपोर्टवर बघायचं? कॅनडात २०१६ पासून इच्छामरणाचा कायदा आहे, तरी फक्त मानसिक आजार असलेल्यांसाठी तो त्यांनी मार्च २०२७ पर्यंत पुढं ढकललाय, आरोग्य यंत्रणा तयार नाही म्हणून. कॅनडाची तयार नाही!

वीस वीस वर्षं आजार सोसणारी माणसं आहेत, त्यांचं दुखणं मी खोटं म्हणत नाही, त्यांच्यापुढं माझ्याकडं उत्तर पण नाही. पण आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस गंभीर ताणात आहे असंच धरून चालायचं आणि सरकारनं त्याच्यावर उपचार करायचे, असं लिहिलंय. ते आधी करा की. सांगोल्याच्या, अक्कलकोटच्या माणसाला मनाच्या डॉक्टरसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून सोलापूरला यावं लागू नये, मग पुढचं बोलू.

कुणाच्या घरी असं चालू असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.