ग्रँड कॅन्यनचा 'स्वेटर नको' मेसेज पुढे पाठवू नका

पुण्यातल्या ट्रेकच्या ग्रुपांवर आणि डिसेंबरात मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या फोनवर एक मेसेज फिरतोय: 'ग्रँड कॅन्यन वाळवंटात आहे, थंडीतही लख्ख ऊन असतं. स्वेटर नको. सकाळी नदीपर्यंत उतरा, संध्याकाळी वर या.'

ऊन असतं, तेवढं खरं. पण या खोल दरीचा दक्षिणेकडचा कडा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटरवर आहे. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो, रात्री पारा शून्याखाली जातो. खाली कोलोरॅडो नदीकाठी बरीच ऊब असते. गोंधळ बहुधा तिथूनच झालाय. या कड्यावरून नदीकडे उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेचा वरचा भाग कड्याच्या सावलीत राहतो. तिथला बर्फ पावलांनी दाबला जाऊन गोठतो आणि चांगला ट्रेकिंगचा बूटही सटकतो. बुटाखाली चढवायचे काटे लागतातच.

नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतू नका, असं तिथली नॅशनल पार्क सर्व्हिसच सांगते, तेही बाराही महिने. सिंहगडावर दमलात तर पुढे उतार असतो. इथे दमल्यावर सुमारे 1,400 मीटरचा चढ, आणि डिसेंबरात सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त!

एका दिवसासाठी साउथ कैबाब या दुसऱ्या वाटेने सीडर रिज हा टप्पा गाठून परत या, जाऊन-येऊन जेमतेम 5 किलोमीटर. वाटेत पाणी नाही, वरूनच भरून घ्या. निघण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर वाटांची स्थिती बघा.

कृपया तो मेसेज थांबवा. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.